बस जळाली तेव्हा पोलीस कुठे होते?

किन्हवलीहून शहापूरला जाणाऱ्या एसटीत आपण चढतो, तिकीट काढतो, जागा रिकामी दिसली की बसतो. एवढ्या साध्या हक्कासाठी माणसांनी रक्त सांडले आहे, हे आमच्या तरुणांना ठाऊक आहे काय?

1929 साली चाळीसगावला बाबासाहेब उतरले. बॅरिस्टर, सरकारी समितीचे सदस्य. तरी एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेला आपलाच माणूस हाकायला बसला. वाटेत अपघात झाला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

हक्क कागदावर आला म्हणून हातात येत नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 सालीच केला होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आमच्या माणसांवर लाठ्या पडल्याच.

अमेरिकेतही तेच घडले. आंतरराज्य बसप्रवाशांना स्थानकावरील उपाहारगृहात वर्णभेद सोसावा लागू नये, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 साली दिला. दक्षिणेतल्या राज्यांनी तो जुमानला नाही. म्हणून 4 मे 1961 रोजी 13 काळे-गोरे कार्यकर्ते वॉशिंग्टनहून बसने निघाले. 14 मे रोजी अलाबामात अ‍ॅनिस्टनजवळ जमावाने त्यांची एक बस पेटवली. त्याच दिवशी बर्मिंगहॅमच्या स्थानकात दुसऱ्या बसमधील कार्यकर्त्यांना लोखंडी नळ्यांनी झोडपले. पोलीस आले ते मारहाण उरकल्यावर! क्लॅनच्या गुंडांना 15 मिनिटे मोकळीक द्यायची, हे आधीच ठरले होते. तरीही नवे कार्यकर्ते पुढच्या बसमध्ये चढत राहिले. अखेर 1 नोव्हेंबर 1961 पासून भेदभावाचे फलक उतरवण्याचा केंद्रीय आयोगाचा आदेश लागू झाला.

गुंड मारतो, पण त्याला बळ देते ती पाठ फिरवलेली वर्दी. आपल्याकडे यावर कायदा आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन वापरू न देणे हा गुन्हा आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 4 त्याहून पुढे जाते. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाने या कायद्याखालील कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केल्यास त्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद होऊ शकते. त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते.

म्हणून बांधवांनो, मारणाऱ्याचे नाव फिर्यादीत लिहाच. पण फिर्याद घ्यायला टाळाटाळ करणाऱ्याविरुद्धही वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.