भाताच्या तुसापासून क्रियाशील कोळसा

चिन्नोर तांदळासाठी प्रसिद्ध असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील भातगिरण्यांत भाताच्या वजनाच्या सुमारे २० टक्के तूस निघते. ते भट्टीत पूर्ण जाळल्यास मुख्यतः सिलिकायुक्त राख उरते. कार्बन वाया जातो. तेच हवेवाचून तापविल्यास कोळसा मिळतो. दाहक सोड्याच्या द्रावणाने त्यातील सिलिका काढून ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाफेची प्रक्रिया केली, म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात व एका ग्रॅम कोळशास शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग लाभतो. त्यातून गोबर वायू दाबाखाली सोडल्यास कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागास अधिक चिकटतो, मिथेन पुढे जातो. दाब उतरविताच चिकटलेला वायू सुटून कोळसा पुन्हा कामास येतो. म्हणून तुसाचा विनियोग भट्टी पेटविण्यापूर्वीच ठरविणे आवश्यक आहे.