औषधाच्या लेबलवर ‘ब्रोमाइड’ दिसले तर घाबरावे का?

खोकल्याच्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड’, दम्याच्या पंपावर ‘इप्राट्रोपियम ब्रोमाइड’, पोटातल्या मुरड्यासाठी दिलेल्या गोळीवर ‘हायोसिन ब्यूटाइलब्रोमाइड’. हा शब्द इंटरनेटवर शोधला की विषबाधेची वर्णने समोर येतात आणि काही रुग्ण औषध परस्पर बंद करतात. दम्याचा पंप असा बंद करणे मात्र खरोखरच धोक्याचे आहे.

ब्रोमीन आणि ब्रोमाइड एकच नाहीत. ब्रोमीन हे लालसर तपकिरी, उग्र वासाचे द्रवरूप मूलद्रव्य आहे. त्याने त्वचा भाजते आणि वाफेने फुफ्फुसांना इजा होते. १८२६ साली फ्रान्समधील बालार यांनी मिठागरातल्या पाण्यापासून ते वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याचा क्षार बनला की तो ब्रोमाइड. क्लोरीन विषारी असला तरी मीठ आपण रोज खातो, तसाच हा फरक आहे.

या क्षारांपैकी सिल्व्हर ब्रोमाइडने फोटोग्राफी बदलून टाकली. त्यावर प्रकाश पडला की सूक्ष्म बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर तिथे काळी चांदी उमटते. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून काचेवर लेप देण्याची पद्धत मांडली. ते स्वतः डॉक्टर होते आणि जुन्या पद्धतीतल्या ईथरच्या वाफांचा त्यांना त्रास होत असे. डिजिटल यंत्रे येण्यापूर्वी आपण खिडकीच्या उजेडात धरून पाहायचो त्या एक्स-रे फिल्मवरही मुख्यतः हाच क्षार असे. अशा फिल्मला हात लावल्याने ब्रोमाइड अंगात जात नाही.

पोटात घेतलेला ब्रोमाइड

१८५७ मध्ये लंडनचे डॉ. चार्ल्स लोकॉक यांनी फेफऱ्यावर पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल येईपर्यंत फेफऱ्यावरचे तेच प्रमुख औषध होते, झोपेसाठीही ते सर्रास दिले जाई. अडचण अशी की शरीरातला ब्रोमाइड निम्मा व्हायला सुमारे १२ दिवस लागतात. रोज डोस घेतला तर तो साचत जातो. मग सुस्ती, अडखळते बोलणे, तोल जाणे, विसराळूपणा, भास, चेहऱ्यावर पुरळ. याला ‘ब्रोमिझम’ म्हणतात, आणि तो मानसिक आजार किंवा म्हातारपणाचा विसराळूपणा समजला जाण्याची शक्यता असते. रक्ततपासणीत क्लोराइड विनाकारण खूप जास्त दिसणे हा एक धागा असतो, कारण बरीच यंत्रे ब्रोमाइडलाच क्लोराइड समजतात.

हा आजार आता दुर्मीळ आहे, पण संपलेला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील एका ६० वर्षांच्या गृहस्थांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांनी एआय चॅटबॉटला विचारून जेवणातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड ३ महिने वापरले. शेजारी आपल्याला विष देतो असा संशय घेऊन ते रुग्णालयात आले आणि पुढे त्यांना भास होऊ लागले. उपचारांनी ते बरे झाले.

आता तुमच्या बाटलीकडे वळू. १० मिग्रॅ डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइडमध्ये ब्रोमाइड असतो साधारण २ मिग्रॅ. जुन्या काळी तो दिवसाला काही ग्रॅम दिला जाई, म्हणजे हजारपटींच्या आसपास. पंपाच्या एका फवाऱ्यात तर तो मायक्रोग्रॅममध्ये असतो. सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या या औषधांमुळे ब्रोमिझमची भीती बाळगू नये.

खोकल्याच्या औषधाच्या बाटल्याच्या बाटल्या महिनोन्‌महिने रिचवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ब्रोमाइड अधिक साचतो, आणि मीठ अगदी कमी खाणाऱ्यांतही तो शरीराबाहेर पडायला वेळ लागतो. घरातल्या कुणाच्या बोलण्या-चालण्यात अचानक फरक पडला तर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे, परदेशातून मागवलेल्या झोपेच्या गोळ्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. दुकानातल्या ‘लो सोडियम’ मिठात साधारणपणे पोटॅशियम क्लोराइड असते, ब्रोमाइड नव्हे. पण मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तेही विचारल्याशिवाय सुरू करू नये.