प्रोग्रामिंग : इल्म की हुनर?

दहावीचा निकाल लागला की पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "मुलीचं अक्षर मोत्यासारखं आहे, उर्दू-मराठी छान आहे, पण गणितात जेमतेम. म्हणजे कम्प्युटर तिच्यासाठी नाहीच ना?" या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. प्रोग्रामिंग म्हणजे निव्वळ शास्त्र. कलेकडे ओढा असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. हे कितपत खरे आहे, ते आपल्या घरात येणाऱ्या उर्दू किताबांच्या छपाईवरूनच पाहू.

उर्दूचे नस्तालीक खत दिसायला जितके देखणे, तितकेच यंत्राला जड. शेजारचे अक्षर बदलले की अक्षराचा आकार बदलतो. शब्द सरळ रेषेत न बसता उजवीकडून डावीकडे उतरत जातो. वर नुक्त्यांची गर्दी. शिशाच्या खिळ्यांना नस्ख जमले, नस्तालीक जमले नाही. म्हणून कातिबाने हाताने लिहायचे आणि लिथोवर छापायचे, हीच रीत पुढे चालू राहिली. चेन्नईचे 'द मुसलमान' हे 1927 पासूनचे दैनिक तर हस्तलिखित म्हणूनच ओळखले जाते.

कराचीचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी शब्दांचे अठरा ते वीस हजार जोड स्वतःच्या हाताने लिहिले. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने ते संगणकात बसवले आणि 1981 मध्ये लाहोरचा 'जंग' या 'नूरी नस्तालीक'मध्ये छापून निघाला. पुढे 1994 मध्ये दिल्लीच्या कंपनीचे 'इनपेज' आले आणि गल्लीतल्या छापखान्यातही हे खत पोहोचले. अनेक कातिबांची रोजी त्यात गेली, हेही विसरता येत नाही.

नंतर दुसरी वाट निघाली. हजारो जोड साठवण्याऐवजी यंत्राला नियमच सांगायचे. इथे खरी कसोटी लागते. लांब शब्द किती उंचावरून सुरू करायचा? दोन अक्षरांचे नुक्ते एकमेकांवर आले तर कोणता सरकवायचा, आणि किती? कातिब हे विचार न करता करतो. त्याचा हातच ते जाणतो. प्रोग्रामरला मात्र हातातले ते ज्ञान एकेक पायरी करून शब्दांत मांडावे लागते. ते मांडायला शिस्त हवी, पण नुक्ता कुठे शोभतो हे ओळखायला नजरच लागते.

अमेरिकेचे डोनाल्ड नुथ यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथमालेच्या नावातच प्रोग्रामिंगला कला म्हटले. तिचा पहिला खंड 1968 चा. 1974 मध्ये ट्युरिंग पुरस्कार घेताना त्यांनी याच विषयावर भाषण केले. जे आपल्याला इतके नीट उमगले आहे की यंत्राला शिकवता येते, ते शास्त्र. जे तितके उमगलेले नाही, ते हाताळणे ही कला, असा त्यांचा आशय. या हिशेबाने दोन्हींमधली सीमा सतत सरकत असते. दहाव्या शतकात बगदादच्या वजीर इब्न मुक्ला यांनी अक्षरांची मापे नुक्त्यांनी ठरवली, तेव्हाही ती अशीच सरकली होती. खत मात्र कलाच राहिले.

म्हणून आमचे मत असे की प्रोग्रामिंग हे इल्मवर उभे असलेले हुनर आहे. गणित नकोच, असे आम्ही म्हणत नाही. आकृत्या हलत्या करायच्या किंवा यंत्राला शिकवायचे, तर ते भरपूर लागते. पण रोजच्या पुष्कळशा कामात त्याहून जास्त लागते ती मांडणी, सब्र आणि स्वच्छ भाषा. आपण लिहिलेला प्रोग्राम उद्या दुसऱ्याला वाचायचा असतो. निबंध चार वेळा खोडून नीट करणारी मुलगी इथे मागे पडेल, असे मानायला आम्हाला काही कारण दिसत नाही.

घरी एक गंमत करून पाहा. ज्याने कधी चूल पाहिलेली नाही, अशा माणसासाठी चहा करण्याची कृती मुलांना लिहायला सांगा. मग तुम्ही तो माणूस व्हा आणि लिहिले आहे तेवढेच करा. पातेले न ठेवता पाणी ओता, पाकीट न फोडता चहा टाका. काही मुले चिडतात. काही हसतात, कागद परत घेतात आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहून आणतात. ही दुसरी मुले लक्षात ठेवा, त्यांचे गणिताचे मार्क कितीही असोत. आणि कृतीची शेवटची ओळ जरूर पाहा. बहुतेक जण गॅस बंद करायला विसरलेले असतात.