मोटारींतील रेडिओ आणि त्याची केबल

२६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां टेलिफोन बंद पडले आणि परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या यंत्रांवरून निरोप जाऊं लागले. अशा प्रसंगीं मदतीच्या मोटारींतील यंत्र मुकें राहून चालत नाहीं. यंत्र आणि एरियल उत्तम असूनहि या दोहोंना जोडणारी चारपांच मीटर केबल वाईट असली, तर सारी सिद्धता फुकट जाते.

कोॲक्शियल केबलची रचना साधी आहे. मध्यें तांब्याची तार, तिच्याभोंवतीं पॉलिथीनचें वेष्टन, त्यावर तांब्याची विणलेली जाळी आणि वरून काळें आवरण. अशा केबलचें पेटंट ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८० सालीं घेतलें. रेडिओची शक्ति तार व जाळी यांच्यामधून वाहते. बाहेरचा उपद्रव जाळी अडविते. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पडतांना खरखर उत्पन्न होते. म्हणून मोटारीसाठीं दाट विणीची जाळी पाहून घ्यावी.

निरोप पाठविणाऱ्या यंत्रांना बहुधा ५० ओहमची केबल लागते. घरांतील टेलिव्हिजनची केबल ७५ ओहमची असते. ती उरली आहे म्हणून मोटारींत लावली, तर जुळणी बिघडून एरियलपाशीं पोंचलेल्या शक्तीपैकीं सुमारें शेंकडा ४ भाग परत फिरतो. नुकसान थोडें खरें, पण तें विनाकारण कां सोसावें?

आतां जाडीचा प्रश्न. आरजी-५८ ही केबल सुमारें ५ मिलिमीटर जाड, तर आरजी-२१३ तिच्या दुप्पट. १४५ मेगाहर्ट्झवर पांच मीटर लांबींत पहिलींत सुमारें एकपंचमांश शक्ति खर्ची पडते, दुसरींत सुमारें एकदशांश. ऐकणाऱ्याच्या कानाला हा फरक क्वचितच जाणवतो. मात्र जाड केबल दाराच्या फटींतून वळतां वळत नाहीं. म्हणून येथें बारीक केबलच बरी. ४३५ मेगाहर्ट्झवर मात्र त्याच बारीक केबलमध्यें सुमारें एकतृतीयांश शक्ति जाते. तेथें कमी ऱ्हासाची जात घेऊन लांबी शक्य तितकी आंखडावी.

आरजी-५८ घेतांनाहि मधली तार पाहावी. ती कांहीं प्रकारांत एकसंध असते, कांहींत अनेक बारीक तारांचा पीळ असतो. मोटारीचे हादरे आणि दाराची उघडझांप यांत पिळाची तार अधिक टिकते. फेंसाळ पॉलिथीनच्या केबलींत शक्तीचा ऱ्हास कमी, पण उन्हानें तापून तीव्र वळणावर मधली तार सरकण्याचा धोका अधिक. बारीक केबलचें वळणहि निदान ५ सेंटिमीटर त्रिज्येचें ठेवावें.

शेवटचा शत्रु पाणी. उघड्या टोंकांतून शिरलेलें पाणी जाळींतून आंत झिरपतें, तांबें काळवंडतें, आणि बाहेरून सर्व ठीक दिसत असतांना आवाज क्षीण होत जातो. म्हणून टोंकाचा सांधा नीट डाख देऊन जोडावा व जलरोधक पट्टीनें गुंडाळावा. पावसाळ्यापूर्वीं हा सांधा एकदां तपासणें, हें महाग केबल घेण्याहून अधिक हिताचें.