वत्सगुल्माचा ताम्रपट, बोराळ्याचे सुदर्शन

वाशिम जिल्ह्यात काय पाहावे, असे विचारले की ठरलेली नावे पुढे येतात. वाशिमचा बालाजी, कारंज्याचे गुरुमंदिर, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, बंजारा समाजाची पोहरादेवी आणि कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातली काळविटे. ही स्थळे पाहण्याजोगी आहेतच आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांचीही वाण नाही. मला मात्र वर्षानुवर्षे ओढ वाटत आली आहे ती दोन लेखांची. एक तांब्यावर कोरलेला, दुसरा दगडावर. त्यांच्यामुळे वाशिमच्या जमिनीकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म, हे आज शाळकरी पोरही सांगते. पण १९३९ पूर्वी वाकाटकांचे एक वेगळे घराणे इथून राज्य करत होते, हे विद्वानांनाही ठाऊक नव्हते. त्या वर्षी वाशिमचे पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळे एक ताम्रपट उजेडात आला. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी तो भारतीय इतिहास परिषदेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. पुढे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी त्याचे बारकाईने पुन्हा संपादन केले.

दान देणारा राजा दुसरा विंध्यशक्ती. राज्याचे सदतिसावे वर्ष, ठिकाण वत्सगुल्म. नांदीकड म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर भागातले एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले. वंशावळ संस्कृतात आहे, पण प्रत्यक्ष व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. आणि खरी गंमत त्या व्यवहाराच्या मजकुरातच आहे. गावाला काय काय माफ, याची लांबलचक यादी तिथे येते. या गावात मीठ खणायचे नाही. सोने आणि धान्य भेट म्हणून मागायचे नाही. फुले आणि दूध घ्यायचे नाही. गाई-बैल वेठीला धरायचे नाहीत. सैनिकांनी गावात शिरायचे नाही. मुक्कामाला आलेल्या अंमलदारांसाठी खाटा आणि भांडी पुरवायची नाहीत.

ही यादी उलटी वाचा. ज्या गावांना माफी नव्हती, त्यांच्याकडून हे सगळे वसूल होत होते. चौथ्या शतकातल्या वऱ्हाडी शेतकऱ्याच्या दारात सरकारी माणूस आला की घरातली खाट बाहेर निघत होती आणि गोठ्यातले दूध जात होते. वाकाटकांच्या वैभवाची पाने मी पुष्कळ वाचली आहेत, पण त्या काळच्या गावाच्या इतके जवळ मला दुसऱ्या कशानेच नेले नाही.

ताम्रपटाने आणखी एक काम केले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याबाहेर, डाव्या भिंतीच्या टोकाला, वराहदेव या मंत्र्याचा लेख आहे. पावसापाण्याने तो पार झिजला आहे. डॉ. भाऊ दाजींपासून ब्यूलरपर्यंत मोठमोठ्यांनी तो वाचला. पहिल्या प्रवरसेनानंतरचे नाव त्यांना रुद्रसेन असे दिसले आणि अजिंठ्याचे राजे वाकाटकांच्या थोरल्या शाखेत जाऊन बसले. ताम्रपटात विंध्यशक्तीच्या बापाचे नाव स्वच्छ आले, सर्वसेन. ते हाती घेऊन मिराशींनी अजिंठ्याची झिजलेली अक्षरे पुन्हा तपासली आणि तिथेही सर्वसेनच निघाला. त्याच्या पुढचे, आधी पृथिवीषेण म्हणून वाचलेले नाव विंध्यसेन, म्हणजे ताम्रपटातला विंध्यशक्तीच, ठरले. सर्वसेन, विंध्यशक्ती, दुसरा प्रवरसेन, मग आठव्या वर्षी गादीवर आलेला एक राजा (त्याचे नाव दगडावरून पुसून गेले आहे), देवसेन आणि हरिषेण, अशी वत्सगुल्माची ओळ उभी राहिली. अजिंठ्याची सर्वांत देखणी लेणी ज्याच्या राजवटीत कोरली गेली, तो हरिषेण वाशिमच्या घराण्यातला होता. अजिंठा पाहून परतणाऱ्या मराठी प्रवाशाला हे कुणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या जाणकाराने त्याची दखल घेतली आहे. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावून दिले.

आता दगडावरचा लेख. तो वाशिमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा, देवसेनाच्या काळातला. वाकाटकांचे बाकीचे लेख राजाच्या राज्यवर्षात कालगणना देतात किंवा काळ सांगतच नाहीत. हा लेख मात्र शक ३८० असे स्पष्ट सांगतो, म्हणजे इसवी सन ४५८च्या सुमाराचा काळ. सगळ्या वाकाटक कालक्रमाला त्यामुळे एक पक्की खुंटी मिळाली. देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने एक जलाशय बांधला आणि त्याचे नाव ठेवले सुदर्शन.

हे नाव वाचून मी थबकलो. सुदर्शन म्हटले की गिरनारच्या पायथ्याचा तलाव डोळ्यांपुढे येतो. मौर्यांच्या काळी बांधलेला, इसवी सन १५०च्या सुमारास रुद्रदामनाने दुरुस्त केलेला. तोच तलाव ४५५-५६च्या पावसाळ्यात पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या चक्रपालित या अधिकाऱ्याने पुढच्याच वर्षी बांध घातला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत इकडे बोराळ्यात नवे सुदर्शन उभे राहते. हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. सौराष्ट्रातल्या त्या कामाची वार्ता वाटसरू आणि व्यापारी दक्षिणेत घेऊन आले असणार, आणि स्वामिल्लदेवाला आपलेही काम त्या तोलाचे वाटले असणार. याला पुरावा नाही. हा माझा तर्क, आणि तो मला प्रिय आहे.

अजिंठ्याचा लेख देवसेनाविषयी म्हणतो की त्याने राज्याचा भार हस्तिभोज या मंत्र्यावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. हस्तिभोज हा वराहदेवाचा बाप, तेव्हा मुलाने बापाचा मोठेपणा वाढवून सांगितला असेल. तरी काम चोख चालले होते, हे बोराळा सांगतो. पाण्याची ददात असलेल्या या मुलखात तलाव बांधणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव दगडावर टिकले, हे मला लेण्यांइतकेच मोलाचे वाटते.

हरिषेणानंतर हे राज्य बघता बघता कोसळले. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका तरुण राजाची कथा आहे. म्हाताऱ्या मंत्र्याचे तो ऐकत नाही, अश्मकाच्या हस्तकांच्या नादाने व्यसनांत बुडतो आणि राज्य गमावतो. मिराशींच्या मते ही वत्सगुल्माच्या अखेरीचीच आठवण. सर्वांना ते मान्य नाही. मला पटते, कारण अजिंठ्यातले काम असेच अचानक थांबलेले दिसते. वाशिम पाहून अजिंठ्याला जाल तेव्हा सोळाव्या लेण्याबाहेरचा वराहदेवाचा लेख तर शोधाच, पण चोविसाव्या लेण्यापर्यंतही चालत जा. ते पुरे झाले असते तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणले गेले असते. त्याचे खांब अर्धवट कोरलेल्या अवस्थेतच सोडून कारागीर निघून गेले.