गिधाडे गेली, कुत्री वाढली

कुत्रा चावला की इंजेक्शन घ्यावे लागते, हे आता लहान मुलालाही ठाऊक असते. पण गावाबाहेर भटकी कुत्री एवढी वाढली, त्यात गुरांच्या एका औषधाचाही वाटा आहे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

पूर्वी बैल किंवा म्हैस मेली की मढे माळावर टाकत. थोड्याच वेळात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि मोठा थवा असला तर तासाभरात नुसता सांगाडा उरे. गिधाड दिसायला ओंगळ, म्हणून आपण त्याचे नाव शिवीसारखे वापरतो. वास्तविक त्याच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तेथेच मरतात. बिनपगारी सफाई कामगारच म्हणा ना!

१९९०च्या दशकात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त झाले आणि गुरांच्या तापावर, सुजेवर सर्रास टोचले जाऊ लागले. गुरांना ते मानवते, गिधाडांना मात्र ते विष आहे. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर दगावले तर त्याचा अंश मांसात उरतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो. एका मढ्यावर डझनांनी गिधाडे जेवतात, त्यामुळे शंभरात एखादे मढे दूषित असले तरी पुरे होते. पंधरा-वीस वर्षांत तीन जातींची ९७ टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली. खरे कारण २००४ मध्ये उघड झाले.

मढी पडतच राहिली. त्यांवर कुत्री पोसली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात दरवर्षी सुमारे एक लाख माणसे जास्त दगावली. रेबीज आणि सडलेल्या मढ्यांनी नासलेले पाणी ही त्यामागची संभाव्य कारणे.

म्हणून कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला, आता लस दंडात देतात. ठरलेले सर्व डोस मात्र पुरे करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलिलिटरहून मोठ्या कुपीवरही बंदी घातली गेली. २०२३ मध्ये गुरांसाठीची केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅकही बंद झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा थवे परतायला वेळ लागणार. गाय लंगडली, ताप आला तर जनावरांच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम चालेल का, एवढे जरूर विचारावे. ते गिधाडांना बाधत नाही आणि दुकानात सहज मिळते.