कुंडीतील मिरची केव्हा तोडावी?

वांगी, टोमॅटो आणि बटाटा यांच्या कुळातील मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, आणि तोपर्यंत तिखटासाठी मिरीवर विसंबलेल्या स्वयंपाकाने तिला मिरीशीच नाते सांगणारे नाव देऊन आपलेसे केले. भिवापूर, संकेश्वर, ब्याडगी, काणकोणातील खोला अशी गावांची नावे आज तिच्या वाणांना लाभली आहेत. घरच्या कुंडीत मात्र वाणाच्या निवडीइतकाच तोडणीच्या वेळेचा विचार व्हायला हवा, कारण फळाचा तिखटपणा, त्याचा रंग आणि झाडाचा पुढचा बहर या तिन्ही गोष्टी त्या वेळेशी बांधलेल्या असतात.

तिखटपणाला कारणीभूत असलेले कॅप्सेसिन हे संयुग बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढरट गाभ्याला चिकटलेल्या असतात आणि ज्याला वनस्पतिशास्त्रात बीजकधानी म्हणतात, त्याच्या पेशींत ते तयार होते व बियांना केवळ संपर्काने लागते. म्हणून तिखट कमी करायचे असल्यास बियांबरोबर हा गाभाही काढावा लागतो. फळ धरल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी कॅप्सेसिन साठू लागते आणि बहुतेक वाणांत चाळीस ते पन्नास दिवसांच्या सुमारास, म्हणजे फळ पूर्ण वाढून रंग पालटू लागते तेव्हा, त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. हे संयुग जिभेच्या स्वादकलिकांवर नव्हे, तर उष्णतेची वर्दी देणाऱ्या चेतातंतूंवरील एका प्रथिनावर काम करते. ‘टीआरपीव्ही-१’ या नावाचे हे प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानानेही उद्दीपित होत असल्यामुळे, मराठीत ‘तोंडाची आग झाली’ असे जे म्हटले जाते, ते मेंदूपुरते शब्दशः खरे असते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ते शोधले आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. पक्ष्यांमधील हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. त्यामुळे बी दातांनी चिरडणारे प्राणी रानमिरचीपासून दूर राहतात, आणि बी अखंड टाकणारे पक्षी ती निर्धास्त खाऊन तिचा प्रसार करतात. निसर्गाची ही योजना खरोखर थक्क करणारी आहे.

मिरचीचे बी २५ ते ३० अंश तापमानात चांगले रुजते आणि पाच-सहा आठवड्यांचे रोप कुंडीत हलवता येते. कुंडी निदान दहा-बारा इंच खोल, तळाला भोक असलेली आणि दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशा जागी असावी. माती, शेणखत आणि कोकोपीट यांचे मिश्रण पाण्याचा निचरा करणारे असले, तर मुळे कुजत नाहीत. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने माजतात आणि फुले कमी लागतात. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला किंवा रात्रीही उकाडा ओसरला नाही, तर फुलगळ होते, आणि अशा वेळी खत वाढवण्यापेक्षा दुपारची सावली अधिक उपयोगी पडते. पाने आकसून वळू लागली, तर तो चुरडा-मुरडा असतो: फुलकिडे व कोळी पानांचा रस शोषतात आणि पांढरी माशी विषाणू पसरवते. विषाणू एकदा शिरला की उपाय नसतो. असे झाड वेळीच उपटणे हेच इतर झाडांच्या हिताचे.

रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी हिरव्या मिरच्या मिळू लागतात. फळांतील बी पक्व होऊ लागले की झाडाची शक्ती त्याकडे वळते आणि नवी फुले कमी येतात. म्हणून रोजच्या वापरासाठी फळे हिरवी असतानाच, देठासह आणि शक्यतो कात्रीने तोडत राहिल्यास बहर लांबतो. वाळवणासाठी मात्र फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. हरितद्रव्य ओसरून कॅप्सँथिन हे लाल रंगद्रव्य साठण्याचे काम झाडावरच नीट पुरे होते, आणि कोवळी हिरवी मिरची तोडून ठेवल्यास ती लाल होण्याऐवजी सुकत जाते. पाण्याचा थोडा ताण पडलेल्या झाडाची फळे बहुधा अधिक तिखट होतात, तरी त्यासाठी झाड मुद्दाम कोमेजू देणे योग्य नव्हे, कारण तिखटपणाच्या लाभापेक्षा उत्पन्नातील तोटा मोठा असतो.

पिकलेल्या मिरचीतील पाण्याचे प्रमाण वाळवून दहा टक्क्यांच्या आसपास आणावे लागते. ती अर्धवट वाळलेली असताना डब्यात भरली, तर बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते. वाकवल्यावर तुटेल आणि हलवल्यावर आतील बी वाजेल इतकी ती कोरडी असावी. हाताळताना हाताला झोंबल्यास नुसत्या पाण्याचा उपयोग होत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावेत.

बियाण्यासाठी सर्वांत निरोगी झाडाची पूर्ण लाल झालेली फळे राखावीत. ढोबळी मिरची शेजारी असल्यास मधमाश्यांमुळे परपरागण होऊ शकते. त्या वर्षीच्या फळाच्या चवीत फरक पडत नाही, पण त्याच्या बियांपासून येणारी पुढची झाडे वेगळी निघतात, म्हणून राखायच्या फांदीवरील कळ्या उमलण्यापूर्वीच पातळ कापडाच्या पिशवीने झाकाव्यात. सावलीत सुकवून, वाणाचे नाव व वर्ष लिहून कोरड्या जागी ठेवलेले हे बी दोन-तीन वर्षे चांगले रुजते.